थेटराला लागून घर

माझं लग्न ठरवून वडील लोणावळ्याहून इंदुरीला परत आले, तेव्हा मुलाबद्दल त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. पायताण काढायच्या आधीच अंगणातून ओरडले, "अगं, घराला लागून थेटर हाय! मधी निस्ती एक भित!" आई चुलीपुढून उठून दारात आली. "आन पोरगं?" तिनं विचारलं. "पोरगं बी हाय की," वडील म्हणाले, "रेल्वेत हाय. रुळावर." मग तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा थेटराकडे वळले. केवढं मोठं आहे, पत्रे कसे नवे आहेत, दारावर राणीचं चित्र कसं पुरुषभर उंचीचं लावलंय. जावयाची उंची आईनं दोनदा विचारली, ती मात्र त्यांना सांगता येईना.

वडील साधे शेतकरी. इंद्रायणीच्या काठाला भातखाचरं होती, त्यावर घर चालायचं. पण सिनेमाचं त्यांना वेड होतं. सुगी संपली की तळेगावात तंबूतला सिनेमा यायचा. मग वडील गाडीत पेंढा टाकायचे आणि मला घेऊन निघायचे. भावांना नेत नसत, ते खेळ सुरू होताच झोपतात म्हणून. मी झोपत नव्हते. वडिलांच्या मांडीला टेकून मी डोळे फाडफाडून पडद्याकडे बघायची, आणि येताना गाडीत आम्ही दोघं झालेला खेळ पहिल्यापासून पुन्हा बोलायचो. दुसऱ्या दिवशी ते गेरू आणि चुना कालवायला बसायचे. आमच्या गाडीच्या मागच्या फळीवर कायम कुठल्या तरी सिनेमातली बाई असे, कधी घोड्यावरचा सरदार. एका पोळ्याला त्यांनी आमच्या ढवळ्याच्या दोन्ही अंगांवर राजा आणि राणी काढली. मिरवणुकीत सगळी पोरं पाटलांचे बैल सोडून आमच्या ढवळ्यामागं चालली, आणि पाटील आठवडाभर वडिलांशी बोलले नाहीत. रंगाची वाटी धरायला मी असायची. डोळ्याची रेघ कुठून सुरू करायची, ओठ शेवटी का काढायचे, हे मी तिथं बघून शिकले. मला शाळेत चौथीपर्यंत घातलं होतं, पण हात वळला तो गाडीच्या फळीवर.

अशी मी सासरी आले. बाजाराच्या मागच्या आळीत घर होतं. ओळीनं तीन खोल्या: पुढं ओटी, मधे चूल, मागं कोठीची खोली. कोठीत भाताच्या कणग्या, सरपण आणि बाजूच्या भिंतीत एक लाकडी गजांची खिडकी. त्या खोलीची मागची भिंत खांद्यापर्यंत विटांची आणि वर पत्र्याची, आणि पलीकडे थेटर. थेटर आधी कुणा व्यापाऱ्याचं गोदाम होतं. त्याचा पडदा आमच्याच भिंतीला टांगलेला होता. म्हणजे चित्रं आमच्या भिंतीवर पडत होती, फक्त पलीकडच्या अंगानं.

सासरे स्टेशनावरच्या हमालांचे मुकादम. उंच, ताठ, मिशा पिळलेल्या. आळीत सगळे त्यांना आबा म्हणत, मी मामंजी म्हणायची. त्यांचा आवाज चढत नसे. जे सांगायचं ते ते एकदाच सांगत. लग्नाच्या पूजेनंतर पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून पेटीचे सूर आले आणि माझी मान आपोआप तिकडं वळली. ते त्यांनी बघितलं. "सूनबाई," ते म्हणाले, "आपल्या घरातल्या बाया थेटरात जात न्हाईत. अंधारात परक्या पुरुषांत बसायचं, ही आपली रीत न्हवं. तुमच्या सासूबाई कधी गेल्या न्हाईत. तुमी बी जानार न्हाई." मी मान हलवली. तेवढ्यावर विषय संपला. वडील माहेरपणाला न्यायला आले तेव्हा त्यांनी गाडीत बसताच विचारलं, "किती बगितलं गं?" मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. मी म्हणाले, "ऐकू येतं सगळं." ते नुसते बैलांच्या शेपट्या पिळत राहिले.

घरातून बाहेर पडायचं ते पाण्याला, पहाटे, सासूबाईंबरोबर. त्यानंतर दिवसभर आत. आमचे हे रुळाच्या गँगमध्ये, घाटात. दोन-दोन दिवस तिकडंच असायचे. आले की अंगाला तेलाचा आणि खडीच्या धुळीचा वास. स्वभावानं गरीब, पण बापापुढं तोंड उघडायची हिंमत नव्हती. मला एकदा म्हणाले, "मी गेलतो काल खेळाला. सांगू का?" आणि सांगायला लागले तर दोन वाक्यांत संपवलं: एक राजा होता, त्याचं राज्य गेलं, मग मिळालं. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

घराला आवाज खूप होते. घाट चढून आलेल्या गाड्यांच्या शिट्या, बाजारातल्या गुडदाणीवाल्याच्या कढईत फिरणारा झारा, आळीतल्या कोंबड्या. त्या भट्टीवरून गुळाच्या पाकाचा वास दुपारभर घरात यायचा, आणि आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबर कुळथाचं पिठलं खायचो. पण दिवस खरा सुरू व्हायचा संध्याकाळी सहाला, खेळाची घंटा झाली की. तेव्हा मामंजी स्टेशनावर असत. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, नेमक्या त्या वेळी सूप घेऊन कोठीच्या खोलीत तांदूळ निवडायला बसत. जाडजूड, ठेंगणी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला वाटायचं, मी काही करू नये म्हणून पहाऱ्याला बसतात. मी ओटीवर वाती वळत बसायची आणि कान मागं लावायची. दोन खोल्यांपलीकडून अर्धंच ऐकू यायचं. घोडे दौडायचे, कुणी बाई रडायची, एक माणूस खदाखदा हसायचा, मग बराच वेळ नुसती पेटी. त्या पेटीच्या वेळेला पडद्यावर काय घडतंय हे कळायला मार्ग नसे, आणि जे महत्त्वाचं ते नेमकं तेव्हाच घडायचं. हसणाऱ्यानं तिला नेलं, की ती निसटली? मी रात्रभर त्याच विचारात कूस बदलायची. पावसाळ्यात तर सगळंच बंद. आमच्याकडचा पाऊस एकदा पत्र्यावर बसला की माणसाला शेजारचं माणूस ऐकू येत नाही, मग थेटर कुठलं? ते चार महिने मला विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे वाटायचे.

आता मी तळेगावात नातवाकडे राहते. नातसून टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघते, लहानगं झोपलेलं असतं म्हणून. नुसती तोंडं हलताना दिसतात. मला ते बघवत नाही. मी तिला म्हणते, त्यापेक्षा चित्र बंद कर आणि आवाज राहू दे. तिला वाटतं आजी थट्टा करते.

तर, पहिला पावसाळा सरला आणि मी कोठीत चित्रं काढायला लागले. दुपारी आत्याबाई ओटीवर आडव्या होत. मी सरपण काढायच्या निमित्तानं मागं जायची. कणगीच्या मागं भिंतीचा एक वावभर, दोन्ही हात पसरले की भरेल एवढा, तुकडा होता, तिथं अंग चोरून बसायची. चुलीतला कोळसा, अंगणातला गेरू, हळद, धुण्याची नीळ. जे ऐकलं त्यांची तोंडं मी आवाजावरून ठरवायची. हसणारा माणूस मी ढेरपोट्या काढला, कारण त्याचं हसू पोटातून यायचं. रडणाऱ्या बाईला निळं लुगडं नेसवलं. खेळ बदलला की नवी माणसं यायची, आणि जुनी तिथंच राहायची. एकाच्या घोड्यावर दुसऱ्याची बाई. खिडकीच्या गजांतून थेटराच्या आवारातला एक कोपरा दिसे. तिथं कादरभाई बसून खेळाचे बोर्ड रंगवायचे. ते थेटराचे रखवालदार आणि रंगारी दोन्ही होते. पण बोर्ड त्यांच्याकडं तोंड करून उभा असे. मला दिसायची ती नुसती पाठीमागची लाकडं आणि कादरभाईंचा चेहरा. भयंकर काही काढत असले की त्यांचा स्वतःचा चेहरा तसा व्हायचा. त्यांच्या चेहऱ्यावरून मी बोर्ड ओळखायची.

एका दुपारी मी कणगीमागं बसलेली असताना पाठीमागं सावली पडली. आत्याबाई उभ्या होत्या. माझ्या हातातला कोळसा खाली पडला. त्या वाकल्या, कणगीला हात टेकून भिंतीकडं बघत राहिल्या. एकेका माणसापाशी थांबत, हळूहळू. मग त्यांनी निळ्या लुगड्याच्या बाईवर बोट ठेवलं.

"ही कोन?"

"मागच्या खेळातली. जिचं पोर हरवतं ती."

"हॅट!" आत्याबाई म्हणाल्या. "ती म्हातारी हाय. आवाज ऐकला न्हाई का? दात पडल्याला आवाज हाय तिचा. हिला तर सगळं दात दिल्यात तू."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्या खाली बसल्या, मांडी घातली. "आन त्ये पोर मरत न्हाई," त्या म्हणाल्या. "शेवटाला पेटी वाजती न्हवं, तवा त्ये सापडतं. मेलं असतं तर पेटी अशी वाजली नसती." मी म्हणाले, "मला वाटलं ती त्याच्या मागं जीव देती." "तुला सगळ्या बायका मारायच्याच असत्यात," त्या म्हणाल्या. मग कळलं. थेटर झाल्या दिवसापासून, म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून, त्या रोज सहाला कोठीत बसत होत्या. एकदा निवडलेले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत. ज्यांचा चेहरा कधी बघितला नाही त्या माणसांची सुखदुःखं त्या बाईला तोंडपाठ होती, आणि त्याबद्दल बोलायला घरात कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून सहाला आम्ही दोघी कोठीत. मधे सूप, कधी वाल सोलायचे. खेळ बोलत असेल तोवर गप्प, आणि पेटी लागली की भांडण. तिनं पत्र फाडलं. नाही, तिनं दिवा विझवला. राजा मागून येतोय. राजा कुठला, तो तर तुरुंगात आहे. मामंजींच्या वहाणा ओटीवर वाजल्या की आम्ही दोघी तोंड घट्ट मिटायचो. मी भिंतीवर काढायची आणि आत्याबाई तपासायच्या. "ह्याला जरा जाड कर, लय धापतोय." "हिच्या गळ्यात डोरलं नगं, तिचं लगीन झाल्यालं न्हाई." असं करता करता कणगीमागची भिंत भरली. मग आम्ही दोघींनी कणगी ढकलून पुढची भिंत मोकळी केली. मामंजी कोठीत कधी पाऊल टाकत नसत, ती बायकांची खोली.

लढाईचे दिवस होते. गावात गोरे शिपाई यायला लागले, बाजारात टोळ्यांनी फिरायचे. आळीत काही वाईट घडलं नव्हतं, पण बोलणं खूप व्हायचं. त्यातच एकदा मी भर दुपारी आवाराच्या कुंपणापाशी गेले. कादरभाईंनी बोर्ड वळवून वाळत ठेवला होता आणि मला एकदाच त्याचा पुढचा भाग बघायचा होता. बघायला मिळाला नाहीच. शेजारच्या एका म्हातारीनं बघितलं आणि स्टेशनावर निरोप पोचवला. मामंजी घरी आले ते हातात कोयंडा आणि कुलूप घेऊन. चुलीच्या खोलीतलं मागचं दार त्यांनी खिळे ठोकून बंद केलं आणि पुढच्या दाराला बाहेरून कोयंडा बसवला. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला जाताना कुलूप लावून किल्ली करगोट्याला अडकवून नेऊ लागले. पाणी त्यांच्या देखत पहाटे भरायचं. "काळ वाईट हाय," एवढंच म्हणाले. कुलूप पडल्याचा आवाज आला की आत्याबाई जिथं असतील तिथं क्षणभर थांबायच्या, मग पुन्हा कामाला लागायच्या. मी मात्र पहिले काही दिवस दाराला आतून हात लावून बघायची. दार तसूभर हलायचं आणि कोयंडा वाजायचा. आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आबांना कोन सांगनार?" आणि जेवून झोपी गेले.

तो रविवार होता. रविवारी तीनचाही खेळ असायचा. मामंजी स्टेशनावर, हे घाटात. आम्ही दोघी वालाच्या शेंगा घेऊन कोठीत बसलो होतो. खेळ रंगात आला होता. दरबार भरला होता, कुणी तरी कुणाला शिक्षा सुनावत होता, आणि त्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं. मग आरडाओरडा. बाकं पडल्याचे आवाज, बायकांच्या किंकाळ्या, धावपळ. आत्याबाईंचे हात थांबले. डोळे चमकले. "गनीम आला," त्या हळूच म्हणाल्या. "दरबारावरच घाला घातला बग." मी मान हलवली. आम्ही दोघी जागच्या जागी बसून ऐकत होतो. कुणी तरी ओरडत होतं, "पाणी! पाणी!" मला वाटलं, राजाला बाण लागला. मग कुणी तरी कादरभाईंचं नाव घेतलं.

खेळात कादरभाई कुठून येणार? आम्ही एकमेकींकडं बघितलं. तेव्हाच विटांच्या वर, पत्र्याच्या फटीतून, धूर आत येताना दिसला.

मशीनच्या खोलीत रीळ पेटलं होतं. पत्र्याखाली उन्हासाठी बांबूच्या तट्ट्यांचं छत घातलेलं होतं, आग त्या तट्ट्यांवरून धावत पडद्यापर्यंत, म्हणजे आमच्या भिंतीपर्यंत आली. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच की पत्रा तडतडतोय आणि खोली धुरानं भरतेय. आम्ही पुढच्या दाराकडं धावलो. मी दारावर अंग टाकलं. दार तसूभर हललं आणि कोयंडा वाजला. आत्याबाई दोन्ही मुठींनी दार ठोकत ओरडत होत्या, पण सगळी आळी थेटराच्या तोंडाशी पळालेली, इकडं ऐकायला कुणी नव्हतं. मागच्या दाराचे खिळे हातानं निघणारे नव्हते. राहिली कोठीची खिडकी. पदर तोंडाला लावून आम्ही परत त्या धुरात गेलो. मी गज धरून ओरडायला लागले. काय ओरडले ते आठवत नाही. आत्याबाई सांगायच्या की मी बापाला हाका मारत होते.

कादरभाईंनी ऐकलं. पहार घेऊन आले आणि गजात घालून त्यावर लोंबकळले. पहिला गज मोडला. "यमुने, जा," आत्याबाई म्हणाल्या. मी म्हणाले, "आदी तुमी." "मी मावनार न्हाई एवड्यात. जा म्हन्ते ना!" आणि त्यांनी मला मागून उचलून खिडकीत लोटलं. मी बाहेर बोर्डांच्या ढिगावर पडले. कादरभाई दुसऱ्या गजाशी झोंबत होते, आणि आतून आत्याबाईंचा खोकला ऐकू येत होता. मग खोकला बंद झाला. मी उठले आणि पहारीला हात लावला. दोघांनी मिळून जोर केला तेव्हा गज चौकटीसकट निघाला. कादरभाई अर्धे आत वाकले आणि "मावशी, हात द्या, हात!" म्हणत त्यांनी आत्याबाईंना ओढून काढलं. त्यांचा चेहरा काळा पडला होता, कुंकू गालभर पसरलं होतं, पण श्वास चालू होता. हलीमाबी, कादरभाईंची बायको, तांब्या घेऊन धावत आली. आत्याबाई पहिला घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "राजाचं काय झालं?" हलीमाबीला काहीच कळलं नाही. मी रडायला लागले.

आळीतल्या माणसांनी आणि रेल्वेच्या गड्यांनी बादल्यांनी आग विझवली. थेटराचं अर्धं छप्पर गेलं, मशीनवाल्याचे हात भाजले, पण जीव कुणाचा गेला नाही. मामंजी स्टेशनावरून धावत आले. आवारातून आमचं पुढचं दार दिसत होतं, पण त्यांनी आम्हांला बघितलं नव्हतं. ते थेट दाराशी गेले, करगोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडायला त्यांना बराच वेळ लागला. दार ढकलून ते आत शिरले आणि आत्याबाईंचं नाव घेऊन हाका मारायला लागले. उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. धुरात ते एका खोलीतून दुसरीत जात होते, भिंतींवर आपटत होते, आणि आम्ही आवारातून ते सगळं ऐकत होतो. मी उठायला लागले तर आत्याबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

शेवटी ते खोकत बाहेर आले. आवारात कादरभाईंच्या स्टुलावर, लोकांच्या गराड्यात, डोक्यावर पदर नसलेली आपली बायको बसलेली त्यांना दिसली. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चल, घरात चल."

"कोयंडा काडा," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्यो कोयंडा काडा आदी. मंग येते."

"अगं, लोकं बगत्यात."

"बगू द्या. लोकांनीच भायेर काडलंय मला. तुमच्या किल्लीनं न्हाई निगाले मी."

मामंजींनी एकदा आळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कादरभाईंपुढं हात केला. कादरभाईंनी पहार दिली. मामंजींनी दाराशी जाऊन कोयंड्यात पहार घातली आणि उपसला, तेव्हा फळीचा हातभर टवका निघाला. कोयंडा त्यांनी गटारात टाकला. आत्याबाई उठल्या, पदर घेतला आणि घरात गेल्या.

मला वाटलं होतं, आता सगळं बदललं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मामंजी काळवंडलेली कोठी साफ करायला आत आले, आयुष्यात पहिल्यांदा. धुराखालीही चित्रं दिसत होती. ते ती बघत उभे राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण माझी मान वर करायची छाती नव्हती. मग म्हणाले, "सूनबाई, चुना कालवा." मी कालवला. त्यांनी स्वतःच्या हातानं कुंचा मारला. घोडे गेले, दरबार गेला, निळ्या लुगड्यातली बाई गेली. मी बादली धरून मागं उभी. डोळ्यांत पाणी आलं ते चुन्याचं म्हणून खपलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते संध्याकाळी स्टेशनावर गेल्यावर आत्याबाई आत आल्या, पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता रंग उठून दिसंल."

पण रंगायचं काय? थेटर बंद होतं. सहा वाजायचे आणि काहीच व्हायचं नाही. दाराला कोयंडा नव्हता, दार उघडं असायचं, आणि आम्हांला कुठं जायचं ते सुचत नव्हतं. आत्याबाई सूप घेऊन बसायच्या आणि तांदूळ तसेच राहायचे. त्यांनी अंथरूण धरल्यासारखंच केलं होतं. हलीमाबी अधूनमधून यायची. एकदा तिनं कागदाच्या पुड्या आणल्या: हिरवा, तांबडा, पिवळा. "ह्यांनी दिल्यात. खिडकीतून बगितलं म्हनं तुमची भित," ती म्हणाली. आत्याबाईंनी त्या पुड्या तांदळाच्या डब्यात खोल पुरल्या.

नवं छप्पर चढलं आणि थेटर पुन्हा सुरू व्हायची दवंडी पिटली. त्या दिवशी मामंजी जेवायला बसले होते. आत्याबाई पिठलं वाढताना म्हणाल्या, "रविवारी आमी दोगी जानार. हलीमाबी हाय संगं." मामंजींनी घास तोंडात घातला. चावला. गिळला. मग ताट पुढं सरकवून म्हणाले, "पिठलं वाढ." आमच्या घरात होकार म्हणजे तेवढाच.

थेटरात बायकांना एका बाजूला कनाती लावून जागा केली होती. आम्ही पुढच्या बाकावर बसलो. समोर आमचीच भिंत होती आणि तिच्यावर पांढरं कापड. दिवे गेले, चित्र सुरू झालं. मला पहिला धक्का बसला तो रंग नसल्याचा. लहानपणी तंबूत बघितलं होतं, तरी इतकी वर्षं हळद आणि नीळ फासून मी विसरूनच गेले होते. पण लवकरच तेही विसरले. बाईनं दार लावलं ते दिसत होतं. तिचा हात थरथरला ते दिसत होतं. पेटी वाजायला लागली आणि पेटी वाजताना काय होतं ते दिसत होतं! मी आत्याबाईंना सांगायला वळले, तर त्यांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली. मी त्यांचा दंड धरला. "आत्याबाई, बगा ना." "थांब गं," त्या म्हणाल्या, "दिसायला लागलं की ऐकू येत न्हाई." मधेच एखादा डोळा उघडायच्या, पटकन बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. शेवटी त्यांचे डोळे उघडे होते की मिटलेले, ते मात्र मी बघितलं नाही. मी पडद्यात बुडाले होते.

सुटलो तेव्हा अजून उजेड होता. मामंजी रस्त्याच्या पलीकडं छत्री टेकून उभे होते. ते पुढं चालायला लागले, आम्ही मागं. थोडं गेल्यावर मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय व्हतं?"

"एक बाई व्हती," आत्याबाई म्हणाल्या, आणि पावलं उचलून त्यांच्या बरोबरीनं चालायला लागल्या. घर आलं. मी वळले. त्या दोघांनी दार मागं टाकलं आणि तसेच पुढं गेले, आळीच्या टोकापर्यंत, आत्याबाईंचे हात हवेत हलत होते. त्या वळल्या असत्या तर त्यांना भाकरी थापायला बसावं लागलं असतं. आता ती मला थापायची होती. मी चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. बाहेर त्यांचा आवाज जवळ आला, ओटीपुढून गेला, लांब गेला, पुन्हा आला. मामंजींचा हुंकार मधूनमधून ऐकू यायचा. पडद्यावर ती बाई शेवटी नवऱ्याच्या घरी परत आली होती. उंबऱ्यावर डोकं टेकलं होतं तिनं, मी या डोळ्यांनी बघितलं होतं. आत्याबाईंच्या तोंडी ती परत आली नाही.

"मंग गेली कुटं?" मामंजींनी विचारलं. ते दोघं नेमके दारासमोर होते.

"गेली की. एवडे रस्ते पडल्यात."

"आन नवरा?"

"त्यो बसला वाट बगत."

पावलं पुन्हा पुढं सरकली. मी तव्यावरची भाकरी उलटली, आणि खरा शेवट कधीच कुणाला सांगितला नाही.